थट्टेची दोन टोकं

हिंटरमाट, १२ फेब्रुवारी

तेनिंगताई,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग वाच. फोनवर मी नुसता हसतो आणि मुद्द्याचं काही सांगत नाही, म्हणून कागदावर लिही, असा तुझा हुकूम. कागदावर हसता येत नाही म्हणतेस. बघू. मास्तर माझ्या अक्षराला ‘कोंबडीनं शेणात केलेला नाच’ म्हणायचे, तेव्हा डोळे सांभाळून वाच.

तर मी आता मार्सेयमध्ये नाही. तिथून का निघालो ते पुढच्या पत्रात. (नाही लिहिणार, हे तुलाही माहीत आहे.) स्वित्झर्लंडमध्ये आहे, दोन डोंगरांच्या बेचक्यात, गालुस नावाच्या म्हाताऱ्याच्या गोठ्यावर. गाई अशा की आपल्या सेनेगलातल्या, सीनच्या गाई त्यांच्यापुढे बकऱ्या वाटाव्यात. पण अक्कल आपल्यांना जास्त. इथली गाय दार सताड उघडं असलं तरी ‘जाऊ का?’ असं तोंड करून उभी राहते. मी कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटलो तर लगेच चालू लागली. गालुस म्हणाला, “तिला काय सांगितलंस?” म्हटलं, “सेरेर माणूस आधी गाईशी बोलतो, उरलंसुरलं बायकोशी.” तो म्हणाला, “मग तू इथलाच.”

मुद्दा राहिला. इथं कुस्ती आहे, ताई! लाकडाच्या भुशात. अंगात शर्ट-पँट, वरून गोणपाटाची चड्डी, आणि पकड त्या चड्डीलाच धरायची. ढोल नाही, ताईत नाही, अंगावर दूध ओतणं नाही, स्वतःची स्तुती गात फेऱ्या मारणं तर मोठं पापच. जिंकलेला माणूससुद्धा चोरी केल्यासारखा खाली बघतो. दोघं हात मिळवतात, जसं काही बैलाचा सौदा करतायत, आणि भिडतात. पाठ टेकली की संपलं. तेवढं आपल्यासारखंच. पाठीचा अर्थ जगभर एकच.

गालुस तरुणपणी पैलवान होता. तो मला तालमीत घेऊन गेला. तिथं कास्पार म्हणून एक खाटीक आहे, खोऱ्यातला पहिल्या नंबरचा. मान देवानं दिलीच नाही, डोकं थेट खांद्यावर. त्यानं मला दुसऱ्याच झटक्याला पाडलं. ठीक आहे, नवीन खेळ. पण उठलो तर हा बाबा माझ्या पाठीवर थापा मारायला लागला! तूच सांग, आपल्याकडे पडलेल्याच्या पाठीला कुणी हात लावतो? म्हणजे ‘बघा रे, इथं लागलंय’ असंच ना? माझं डोकं फिरलं. वळलो आणि त्याला उचलून टाकला, डोक्यावर. मग गालुस बाकावर बसून पोट धरून हसायला लागला. “अरे, तो भुसा झटकत होता तुझा! जिंकलेल्यानं हरलेल्याचा भुसा झटकायचा असतो. मान देत होता तो!”

मला येतात तेवढ्या सगळ्या भाषांत माफी मागितली. कास्पारनं मान हलवली (असती तर) आणि निघून गेला. तो फारसं बोलत नाही.

बाकीचे मात्र बोलतात, आणि हेच तुला सांगायचंय. हे लोक म्हणजे आपले जोलाच आहेत, सेरेर दिसला की थट्टेनं गुलाम म्हणणारे, राग ना त्यांना ना आपल्याला! सगळं खोरं थट्टेतल्या भावांनी भरलंय. डोंगरावर जाणारी पाळण्याची दोरगाडी चालवणारा एर्विन रोज विचारतो, “काय रे, कुठल्या झाडावरून उतरलास?” म्हटलं, “गोरखचिंचेवरून. तुझ्याआधी उतरलो.” सगळी खानावळ हसली. पाववाली मला ‘चॉकलेट’ म्हणते. कुणीही येऊन माझ्या केसांत हात घालून जातो, नशीब उजळतं म्हणे. घरी असल्यासारखं वाटतं. तुझ्या त्या जोला नवऱ्याला, लांदिंगला सांग, तुझ्या जातीचे बर्फात सापडले.

तुझा,
वागान


फातिक, ९ मार्च

वागान, गाढवा,

पत्र मिळालं. बाजारात कुसकुसची टोपली पुढ्यात ठेवून वाचत होते, तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं परत गेली. तुझ्या कास्पारची गोष्ट वाचून मी एवढी हसले की शेजारची मासळीवाली विचारायला लागली, कुणाचं लग्न ठरलं?

पुढचं वाचून मात्र हसू आलं नाही. तू लिहिलंस की ते तुला काय काय म्हणतात. तू त्यांना काय म्हणतोस? एकदा झाडावरून बोललास, तेही स्वतःवरच घेऊन. त्यांच्या बापावर बोललास का? नाकावर? बायकोच्या स्वयंपाकावर? लांदिंग माझ्या घरात पाय ठेवतो तो ‘सेरेर बाई, तुझ्या मालकाला जेवायला काय आहे?’ असं विचारत, आणि मी त्याला ‘तांदूळचोर’ म्हणून ताट वाढते. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. तुला तिथं कुणी ताट वाढलं? गालुस सोडून कुणाच्या घरात जेवलास?

आणि केसांत हात का घालू देतोस? तू काय बोकड आहेस?

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही. तुझ्यासारखीच.

तेनिंग

ता. क. : अरे माझ्या गुलामा, तुझ्या बहिणीनं पत्र हातात दिलं नाही, नुसतं वाचून दाखवलं. म्हणते, जोलांना अक्षरं खायची सवय असते. बर्फात माझे भाऊ असतील तर त्यांना विचार, ताडी कुठं मिळते? सांगता आलं नाही तर ते माझे कुणी नव्हेत. — तुझा मालक, लांदिंग


हिंटरमाट, २७ मे

ताई,

उशीर झाला. गाई डोंगरावर चढवायच्या होत्या. काय थाट असतो सांगू! एकेकीच्या गळ्यात रांजणाएवढी घंटा, शिंगांना फुलं, आणि पुढं गालुस, नवरदेवासारखा. वाटेत एका गाईला माझा हात सोडवेना. गालुस म्हणाला, “हिला तूच घेऊन जा सेनेगलला.” मी म्हटलं, “आमच्याकडे हिला कोण पोसणार, ही दारात परवानगी मागत मरेल.” वर फुलं इतकी की पाय कुठं ठेवावा कळत नाही. एक निळं फूल आहे, पेल्यासारखं... असो.

कुस्त्या झाल्या. खोऱ्यातला पहिला फड. मी चार जणांना पाडलं. एक तर सुतार होता, भुसा त्याच्याच कारखान्यातला, आणि त्यातच त्याची पाठ टेकवली! शेवटी कास्पारकडून हरलो. या वेळी त्यानं भुसा झटकला नाही. घाईत असेल. पंचांनी त्याच्याकडे बघितलं, तो सरळ चालू लागला.

मंडपाच्या बाजूनं काही लोक आवाज काढत होते. हू-हू-हू असे. डोंगरात गाईंना हाका मारतात, त्यातलाच काही प्रकार असावा. एकानं केळं फेकलं. अख्खं, सालासकट. चांगलं पिकलेलं होतं, सोलून खाल्लं. टाळ्या पडल्या. एर्विन तर बाकावर उभा राहून हसत होता.

कुस्त्यांची मोठी जत्रा ऑगस्टमध्ये, वर कुरणावर. जत्रेच्या कमिटीची बाई येऊन गोड बोलून गेली. म्हणाली, “तू आखाड्यात उतरला नाहीस तर बरं. तुझ्याच भल्यासाठी. उगाच वातावरण बिघडतं.” बरोबर आहे, पाहुण्यानं किती दिवस राहायचं? तसाही मला या डोंगरांचा कंटाळा आलाय, क्षितिजच दिसत नाही. दूध घ्यायला येणारा एक ड्रायव्हर सांगत होता, नॉर्वेत बोटींवर माणसं हवी आहेत. तिथले मासे म्हणे माणसाच्या उंचीचे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. बघायला हवं एकदा.

आईच्या गुडघ्याला शिआच्या बियांच्या तेलानं मालीश कर.

वागान


फातिक, १८ जून

वागान,

तू केळं खाल्लंस.

मी ते वाक्य वाचलं आणि टोपलीवर फडकं टाकून घरी आले. चार कुस्त्या जिंकल्याचं तू एका ओळीत उरकतोस, गाईंना नि फुलांना अर्धं पान देतोस आणि मधेच ते केळं सोडून देतोस. मला काय वाचता येत नाही?

ऐक. बाबांना पुरायला नेलं तेव्हा तू लास पाल्मासला होतास, म्हणून तुला माहीत नाही. सगळे रडत होते आणि लांदिंग पुढं आला. कफनातल्या बाबांना म्हणाला, “ऊठ आळशा सेरेर! कामाची वेळ झाली की बरोबर झोपतोस.” आई रडता रडता हसली. का हसली? कारण ते बोलायचा त्याला हक्क होता. आणि तो हक्क होता कारण त्या दिवशी पहाटे कबर त्यानं खणली होती, एकट्यानं, कुणाला फावडं हातात घेऊ न देता. थट्टेला दोन टोकं असतात. एक तो धरतो, एक आपण. तो ओढतो, आपण ओढतो. ज्याच्याकडे एकच टोक असतं ती थट्टा नसते रे, ती काठी.

हे तुला कळत नाही असं नाही. तुला कळतं, म्हणूनच नॉर्वे आलं. डकार सोडलंस तेव्हा लास पाल्मासच्या मासळीचं कौतुक लिहिलंस. लास पाल्मास सोडलंस तेव्हा मार्सेयच्या बंदराचं. तुझ्या पत्रात मासा आला की मी समजते, पोरगं पळतंय.

जायचं तर जा. नॉर्वेला जा, चंद्रावर जा. पण आधी त्या जत्रेत उतर. तू सीनच्या मातीत वाढलेला पैलवान. कुणीतरी गोड बोललं म्हणून तू आखाडा सोडलास, हे मी आईला सांगणार नाही. तुझं तू सांग.

आणि उतरण्याआधी एक काम कर. त्या सगळ्यांच्या हातात दुसरं टोक दे. कोण धरतो, कोण सोडतो ते बघ. मग तुला कळेल तिथं तुझं कोण आहे.

तेनिंग

ता. क. : वागान, तुला गुलाम म्हणायचा हक्क मला माझ्या पणजोबांकडून आला. मी तो कुणाला विकलेला नाही, उसनासुद्धा दिलेला नाही. त्यांना विचार, कुणाच्या परवानगीनं? — लांदिंग


हिंटरमाट, २० जुलै

ताई,

केलं. ऐक, आणि मधे मधे ओरडू नकोस.

शनिवारी खानावळ भरलेली. मी बाकावर उभा राहिलो. माझी जर्मन म्हणजे पायांत बूट उलटे घालून चालल्यासारखी, पण चालते. म्हटलं, “लोकहो, आमच्यात एक रीत आहे. काही लोकांना आपण काहीही बोलू शकतो, आणि तेही आपल्याला. राग धरायचा नाही. जो राग धरेल तो हरला. तुम्ही माझ्याशी ही रीत गेले सहा महिने पाळताय, मीच कमी पडलो. आजपासून माझी पाळी.”

सगळे हसले. एर्विन म्हणाला, “बोल रे झाडावरच्या!”

म्हटलं, “ये एर्विन, माझ्या गुलामा! तीस वर्षं एका दोरीला लटकून खाली-वर, खाली-वर करतोस, आणि झाडाचं मला विचारतोस?”

ताई, खानावळ फुटली. लोकांनी टेबलं बडवली. आणि एर्विनचं तोंड बिटासारखं झालं. उठला. म्हणाला, “तोंड सांभाळ. पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा.” ग्लास तसाच टाकून गेला. त्याच्याबरोबर आणखी तिघं-चौघं उठले. टोक सोडलं त्यांनी, तू म्हणालीस तसं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट छातीवरून काहीतरी उतरलं. इतके दिवस मी त्याचं ओझं वाहत होतो, आणि त्याला ‘गंमत’ म्हणत होतो.

गालुसला म्हटलं, “आणि तू म्हाताऱ्या बैला, दूध गाई देतात आणि मिशीला तूप लावून फिरतोस तू.” त्याच्या नाकातून बिअर आली. म्हणाला, “शेण कोण उचलतं रे राजपुत्रा? उद्या पहाटे भेटू!” आणि स्वतःच्या ताटातलं सॉसेज माझ्या ताटात टाकलं. म्हणजे कळलं.

पाववालीला म्हटलं, “बाई, तुझा पाव तुझ्यासारखाच, वरून पांढरा, आतून कच्चा.” ती आधी आ वासून बघत राहिली. मग हसली. मग हळूच म्हणाली, “तुला चॉकलेट म्हटलेलं आवडत नव्हतं?”

“नाही.”

“मग सांगायचंस ना!”

“मला वाटलं, आपण भाऊ-बहीण आहोत.”

दुसऱ्या दिवसापासून ती मला ‘वॅगन’ म्हणते. रेल्वेचा डबा झालोय, पण नावाच्या जवळपास तरी आली.

आता खरी गोष्ट. मी घरी निघालो तर मागून पावलं. कास्पार. मी मुठी वळल्या. तो समोर उभा राहिला, बराच वेळ श्वास घेतला, गाभण म्हशीसारखा, आणि म्हणाला, “मे महिन्यात मी तुझा भुसा झटकला नाही.”

म्हटलं, “माहितेय.”

“पहिल्यांदा झटकला तेव्हा तू मला डोक्यावर टाकलंस. मला वाटलं, तुमच्यात पाठीला हात लावणं म्हणजे अपमान. म्हणून नाही लावला. पंचांची बोलणी खाल्ली.” मग म्हणाला, “मला पण शिवी दे. आत सगळ्यांना दिलीस, मला नाही.”

ताई, मी रस्त्यातच बसलो! जे हसत होते त्यांना मी भाऊ धरलं आणि जो माझ्यासाठी बोलणी खात होता त्याला वैरी. म्हटलं, “तुला काय शिवी देऊ, देव तुला मान द्यायलाच विसरला.” त्यानं विचार केला. इथले लोक विचार करून हसतात. मग म्हणाला, “मान असती तर तुला धरायला सापडली असती.” आणि रविवारी घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोनं एवढं मटण वाढलं की मला चालवेना.

कमिटीच्या बाईकडे गेलो. म्हटलं, “मी उतरणार. नको असेन तर जत्रेच्या भोंग्यावरून कारण सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.” ती समोरचे कागद आवरायला लागली. मग म्हणाली, “लोकांची तोंडं आम्ही धरू शकत नाही.” म्हटलं, “तुम्ही नका धरू. मला अख्खी माणसं धरायची सवय आहे.”

उतरतोय. आईला सांग.

वागान


हिंटरमाट, ३० ऑगस्ट

ताई,

कुरणावरची जत्रा. ऊन असं की डोंगर पुसून ठेवल्यासारखे. खाली सगळं खोरं, ढगांत अर्धवट बुडालेलं. (थांबतो. मुद्द्यावर येतो.)

सकाळपासून माझ्या चार कुस्त्या झाल्या. तीन जिंकल्या, एक बरोबरीत सुटली. आवाज होतेच, पण एकटे-दुकटे, चोरून केलेले. दुपारी शेवटच्या कुस्तीला मी आणि कास्पार. हात मिळवले, चड्ड्या धरल्या, आणि बिअरच्या मंडपाकडून सुरू झालं. हू-हू-हू. या वेळी मोकळेपणानं, ताल धरून. एर्विनचा आवाज मी ओळखला. पाळणा सुरू करताना हाक मारतो, तोच आवाज.

मी पकड सोडली.

पंच म्हणाला, “काय झालं?” म्हटलं, “त्यांना काहीतरी हवंय, देऊन येतो.” आखाड्याच्या कडेला जादा चड्ड्यांचा ढीग असतो. त्यातली एक उचलली आणि मंडपाच्या कुंपणापाशी गेलो. मी महिनोन्‌महिने यांच्यासारखा खाली बघून लढलो, ताई. आता आपल्यासारखा उभा राहिलो, छाती काढून. हात वर केले. आधी आपल्या भाषेत, मग त्यांच्या भाषेत, पूर्ण आवाजात म्हणालो :

“मी वागान फाय! तेनिंगचा भाऊ! सीनच्या वाळूत ज्यांना पाडलं त्यांची नावं सांगायला बसलो तर तुमच्या गाई दूध द्यायच्या राहतील! ज्याला माझ्याशी बोलायचंय त्यानं ही घालावी आणि आत यावं. मी कुठं जात नाही!”

आणि चड्डी कुंपणावरून पुढं धरली.

एर्विन समोरच होता. ग्लासात बघायला लागला. शेजारचे त्याच्याकडे, तो ग्लासाकडे. मी धरूनच उभा. हात दुखायला लागला, पण खाली घेतला नाही. पंच कास्पारला म्हणाला, “वेळ जातोय, कुस्ती तुलाच दिली असं धरू का?” म्हणजे न लढता जिंकला असता तो. कास्पार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “मला घाई नाही. रविवारी दुकान बंद असतं.”

तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, दात नसलेल्या तोंडानं, “घाल की रे एर्विन! तुझ्या मापाची आहे!” आणि लोक हसले. त्याला. पहिल्यांदा त्याला. हशा मंडपातून कुरणावर, कुरणावरून वर गाईंपर्यंत गेला. एर्विननं कुंपणावर हात ठेवला. मला वाटलं, येतो आता. मी मनापासून वाट बघत होतो, खरं सांगतो. त्यानं हात काढून घेतला आणि मागच्या मागं गर्दीत गेला.

सगळं शांत झालं असं लिहिणार नाही. नंतरही एकदा मागून कुणीतरी हू केलंच. त्याच्या शेजारच्या बाईनं कोपर मारलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चड्डी कुंपणावर ठेवून आलो. ती तिथंच होती, कुणी हात लावला नाही.

मग लढलो. आयुष्यात असा लढलो नाही. दोनदा कास्पारचे पाय हवेत होते. भुसा डोळ्यांत, नाकात, दातांत. लोक ओरडत होते, ‘कास्पार!’ आणि ऐक, ‘वॅगन!’ पाववालीनं ते नाव सगळ्यांना शिकवलं वाटतं. शेवटच्या क्षणाला त्यानं गुडघा आत घातला, मला कमरेवर घेतलं, आणि आभाळ पायांखाली आलं.

पाठ टेकली. स्वच्छ. वाद घालायला जागाच नाही.

ओरडू नकोस. बाजारात असशील तर टोपली खाली ठेव. मला माहितेय तू म्हणशील, एवढी नावं घेऊन, माझं नाव घेऊन, हरलास? हो. तुझं नाव घेऊन हरलो. तो माझ्यापेक्षा चांगला खेळला. आणि मला पाडलं ते एका पैलवानानं, बाकी कुणी नाही.

संध्याकाळी कमिटीची बाई माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “पुढच्या वर्षी येणार का?” मी म्हटलं, “वातावरण बिघडेल.” ती म्हणाली, “ते तर बिघडलंच.” आणि बसली. आणि बिअर मागवली. भांडलो थोडं, चांगलं भांडलो.

गालुसनं विचारलं, हिवाळ्यात काय करणार? त्याला वाटलं मी निघालो. माझी पिशवी तर तशी नेहमीच बांधलेली असते. म्हटलं, “तो गुडघ्याचा डाव शिकणार.” म्हणाला, “कुणाकडून?” म्हटलं, “कास्पारकडूनच. दर मंगळवारी तालीम आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्याच डावानं त्याला पाडणार, तर इथं असायला नको का?” कास्पार पलीकडून म्हणाला, “शिकवतो. पण सगळा नाही.”

आईला पत्र तूच वाचून दाखव. हरलो तिथपर्यंत आल्यावर थांबू नकोस, ती उठून जाईल. पुढंही वाच.

हरलोय, ताई. इथंच आहे.

वागान